फोटोग्रॅव्हर: तांब्यावर फोटो कोरण्याचा माझा अनुभव

फोटोग्राफीचा इंग्रज प्रवर्तक टॅल्बटने पाया घातला आणि चेक कलाकार कारेल क्लीचने १८७९च्या सुमारास व्हिएन्नात पक्की केली, ती ही पद्धत. तांब्याच्या पत्र्यात फोटो खळग्यांच्या रूपात कोरायचा, खळग्यांत शाई भरायची आणि ओलसर कागदावर छाप घ्यायचा. ऐकायला सरळ, करायला वेळखाऊ.

पत्रा घासून चकचकीत करणं आणि त्याचा तेलकटपणा घालवणं हे निव्वळ कंटाळवाणं काम. पाणी थेंब न होता सलग पसरलं, की झालं. मग राळेची बारीक पूड. ती बंद पेटीत उडवायची, जाड कण खाली बसू द्यायचे आणि मगच पत्रा आत सरकवायचा. बाहेर काढून खालून तापवला की कण जागीच चिकटतात. हे कण नसतील तर गडद भागात शाईला धरायला काही उरत नाही, कापड फिरवताच ती निघून जाते. मास्क हवाच, आणि पेटीजवळ ज्योत नको. उडालेली राळ भडकते.

पुढे पोटॅशियम डायक्रोमेटने संवेदनशील केलेला जिलेटिनचा कागद. (डायक्रोमेट कर्करोगकारक आहे, हातमोज्यांत कंजुषी नको.) फोटोच्या पॉझिटिव्हखाली (म्हणजे पारदर्शक फिल्मवरची, उजळ-गडद मूळ फोटोसारखंच असलेली प्रत) त्यावर अतिनील प्रकाश पाडायचा, जिथे तो पोचतो तिथे जिलेटिन कडक होतं. कागद पत्र्याला चिकटवून गरम पाण्यात धुतला की मागचा कागद सुटतो आणि मऊ जिलेटिन वाहून जातं. उजळ भागांवर जाड थर राहतो, सावल्यांवर पातळ.

खरी कसोटी तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराईडची. कडा आणि पाठ वार्निशने झाकून पत्रा आधी ४५ बोमेच्या (बोमे हे द्रावणाच्या दाटपणाचं माप) दाट द्रावणात. दाट द्रावणात पाणी कमी, त्यामुळे ते जिलेटिनमधून कष्टाने झिरपतं आणि फक्त सावल्यांपर्यंत पोचतं. नंतर पायरीपायरीने पातळ द्रावणं. तांबं काळवंडत जातं आणि ती काळी कड सावल्यांतून मधल्या छटांकडे सरकताना डोळ्यांना दिसते. कुठल्या क्षणी पुढच्या द्रावणात न्यायचं, याचं कोष्टक मी सोबत ठेवलं होतं, पण तापमान नि हवेतली आर्द्रता बदलली की त्याचा फारसा उपयोग नव्हता. शेवटी त्या कडेकडेच बघायचं. ती सर्वांत उजळ भागात शिरली की पत्रा लगेच बाहेर, नाहीतर आकाश राखाडी होतं.

छपाईत माझा हात हळूहळू बसला. शाई चोळायची, ताठ जाळीदार कापडाने पुसायची आणि शेवटी तळव्याच्या कडेने हलकेच. किती पुसलं यावर फोटोचा मूड बदलतो, म्हणून पहिल्या छापावरून पत्र्याला नावं ठेवू नयेत. तांबं मऊ असल्याने नाजूक छटा लवकर झिजतात. जास्त प्रती हव्या असतील तर त्यावर विजेने लोखंडाचा पातळ थर चढवतात. मला मोजक्याच हव्या होत्या, तेव्हा मी तो चढवला नाही.