पंधरा ग्रॅमला कमी

धनत्रयोदशी, रात्री साडेदहा

आज देव्हाऱ्यातली चांदी घासायला काढली. निरांजन, करंडा, अत्तरदाणी, आणि डबीच्या तळाशी गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं. आईने सवयीने चिमूटभर रांगोळी घेतली, तेवढ्यात मी तिचा हात धरला. "याला नको लावूस."

"अगं, लक्ष्मीपुढे काळं नाणं मांडायचं?"

तिचंही बरोबर. पण गेली पाच-सहा वर्षं मी ही नाणी जमवतेय, आणि आता मला ते घासणं बघवत नाही.

नाणं १९६९ सालचं, गांधी जन्मशताब्दीचं. स्वतंत्र भारताने काढलेलं पहिलं चांदीचं स्मारक नाणं. १९६४ मध्ये नेहरूंचं निघालं होतं, पण ते निकेलचं. आजोबांनी दहाची नोट देऊन हे बँकेतून आणलं, असं आई सांगते. तेव्हापासून ते कधी बाजारात गेलं नाही. दर दिवाळीला लक्ष्मीपुढे मांडायचं, त्यावर कुंकू वाहायचं, आणि पुढच्या वर्षी रांगोळीने लख्ख करायचं.

दिव्याखाली भिंग धरून पाहिलं. कानाची पाळी सपाट झालीये, मिशी गालात मिसळून गेलीये. 'महात्मा गांधी' या अक्षरांच्या खाचांत मात्र कुंकू घट्ट बसलंय, जुन्या विटेसारखं गडद. १८६९-१९४८ च्या खाली मुंबई टांकसाळीची हिऱ्याच्या आकाराची खूण आहे, तिचे कोपरेही गोल झालेत.

मग माझं दुसरं आणलं. तेच नाणं, मुंबईचंच, एका प्रदर्शनात घेतलेलं. याला कुणी कधी हात लावला नसावा. कडेला निळसर जांभळी झाक, मध्ये मधासारखा रंग, आणि मिशीचे केस मोजता येतील इतके स्पष्ट. चांदीवर हा रंग चढायला वर्षं लागतात, घासला की दोन मिनिटांत जातो. आणि परत आला तरी तसा येत नाही.

दोन्ही नाणी छोट्या काट्यावर ठेवली. माझं पंधरा ग्रॅम, अगदी बरोबर. आजोबांचं १४.७८.

मी आकडा मोठ्याने वाचला. आई काही बोलली नाही.

या नाण्यात ८० टक्के चांदी, म्हणजे बारा ग्रॅम. १९७२ चं, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं दहा रुपयांचं नाणं हातात घेतलं तर चांगलं जड लागतं, साडेबावीस ग्रॅमचं. पण त्यात चांदी निम्मीच, सव्वाअकरा ग्रॅम. वजन दीडपट आणि चांदी कमी! तीन वर्षांत एवढा फरक पडला. ही गोष्ट कळली तेव्हापासून दोन्ही नाणी मी शेजारी शेजारीच ठेवते.

मध्यंतरी चांदी चढली तेव्हा एका सराफाकडे चौकशीला गेले होते. त्याने ते बहात्तरचं काट्यावर टाकलं आणि मोडीचा भाव सांगितला. बाजूच्या डब्यात तशीच नाणी होती, वितळवायला चाललेली. सत्तरचं, 'सबके लिए अन्न'वालं एक वरच दिसत होतं. तेवढं मी विकत घेतलं. बाकीची घेण्याइतके पैसे जवळ नव्हते, ते अजून मनातून जात नाही.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास मीच घालवली."

"तू एकटीने नाही, आजीनेही. आणि पूजेसाठीच."

तिने चिमटीतली रांगोळी परत डब्यात टाकली. नाणं मी नुसतं मऊ सुती कापडाने टिपलं आणि कागदी पाकिटात ठेवलं. प्लॅस्टिकच्या जुन्या पाकिटाने माझ्या एका नाण्यावर हिरवट चिकटा धरला होता, तेव्हापासून ते बंद केलंय. परवा लक्ष्मीपुढे हेच मांडायचं ठरलं, आहे तसं. अक्षरांतलं कुंकू काढलं नाही.