कागदाची डावी बाजू

मी सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक आहे. 'अधीक्षक' ऐकून लोकांना काहीतरी मोठं वाटतं. प्रत्यक्षात हिस्टरी घ्यायची, नातेवाईकांना समजवायचं आणि गोळ्या संपल्या की शिव्या खायच्या. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून खाली काही तपशील बदललेत.)

टेम्पो चालवणारा, सदतिशीचा माणूस. बायपोलर, म्हणजे कधी मॅनिया (मन बेफाम उधळतं), कधी डिप्रेशन. पहिला मॅनिया एकोणिसाव्या वर्षी, त्यानंतर सात वेळा भरती. वॉर्डात त्याच्याबद्दल एकच वाक्य ठरलेलं, 'गोळ्या बुडवतो'. मला ते खटकायचं, कारण फाइलमध्ये गेल्या चार वर्षांच्या लिथियम लेव्हल (या आजारावरच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण) होत्या आणि एकही 0.6 च्या, म्हणजे हव्या त्या पातळीच्या, खाली नव्हती. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी न घेता रक्त द्यायचं असतं. भले भले विसरतात, हा विसरत नाही. पण फाइल उलटून बघतो कोण!

त्या दिवशी गर्दी कमी होती, म्हणून त्याचा लाइफ चार्ट, म्हणजे आजवरच्या आजारपणाचा आलेख, काढायला बसले. मध्ये आडवी रेघ, मॅनिया वर, डिप्रेशन खाली, डोंगराची उंची त्रासाएवढी. ऐकायला सोपं आहे. पण 'कोणत्या साली आजारी पडलात?' असं विचारून आपल्याकडे काही हाती लागत नाही. थोरलीचं बारसं, कर्जावरची म्हैस, दुष्काळात लागलेला टँकर, अशा खुंट्या आधी ठोकाव्या लागतात; मग माणूस आपणच सांगतो, 'त्याच्या आधी, पोळ्याला.' पाऊण तासात अठरा वर्षं कागदावर उतरली. हे काम मला चांगलं जमतं.

तो बराच वेळ कागद बघत राहिला. मग एकोणीसच्या डावीकडे बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, इकडं मोकळं कामून सोडलं?"

मी म्हटलं, "तेव्हा आजार नव्हता ना दादा."

"आजार नव्हता," तो म्हणाला, आणि बोट तिथंच.

आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे. मुकादमाची उचल घेतलेली, दिवाळीनंतर टोळी निघायची ती पार उन्हाळ्याच्या तोंडाला परत. हा आठ वर्षांचा असल्यापासून चुलत्याकडे. चुलता रात्री कडब्याच्या खोलीत कोंडायचा. 'तुझ्या बापानं तुला टाकलंय' हे रोजचं. पुढचं वाक्य त्यानं अर्ध्यावर सोडलं. मी ओढून काढलं नाही. भरतीतून सुटून दोनच महिने झाले होते, अशा वेळी उकरायचं नसतं.

तो रक्त द्यायला गेल्यावर मी फाइलचं पहिलं पान उघडलं. 'बालपण: विशेष काही नाही.' अक्षर माझं, अकरा वर्षांपूर्वीचं. त्या ओपीडीत माणशी पाच-सात मिनिटं मिळायची, हे खरं आहे. त्या रकान्यात मी आजवर किती जणांचं हेच लिहिलंय, तेही खरं आहे.

वाचलेलं नव्हतं असं नाही. 2016 साली मँचेस्टरच्या संशोधकांनी 19 अभ्यास एकत्र तपासले होते. बायपोलर असलेल्यांत बालपणी आघात झाल्याची शक्यता इतरांच्या अडीच पटींहून जास्त, आणि नुसत्या मानसिक छळाची तर चौपट. अशांचा आजार लवकर सुरू होतो, पुन्हा पुन्हा उलटतो, आत्महत्येचे प्रयत्न जास्त, हेही ठाऊक होतं. त्यावरून याच्या सात भरत्या चुलत्याच्या नावावर टाकता येत नाहीत. घराण्यात आजार आहे, रात्रपाळीचं ड्रायव्हिंग आहे, झोपेचं खोबरं आहे. पण चार्टवरचे पाच खड्डे दिवाळीनंतरचे आहेत. थंडीत डिप्रेशन पुष्कळांना येतं, म्हणून मी तिकडे कधी दुसऱ्यांदा पाहिलंच नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं कळलं. डोस तोच ठेवू." चूक काहीच नाही. लेव्हल चांगली असताना डोस कशाला बदलायचा? समुपदेशनासाठी दर पंधरा दिवसांनी बोलवायचं म्हटलं, तर एका फेरीला त्याचा दिवसाचा रोज बुडतो. शेवटी गोळ्या न्यायला येईल त्याच दिवशी अर्धा तास, असं ठरलं. दिवाळीच्या आधीची तारीख मी मुद्दाम जवळची दिली.

जाताना कागदाची घडी घालून त्यानं माझ्याकडेच दिली. "घरी नको, मॅडम. बायकोला ठाऊक नाही."

ती बाहेर बाकावर पिशवी घेऊन बसली होती. "लई वेळ लागला?" तिनं विचारलं.

"गोळ्यांचं बोलत होतो," मी म्हटलं.