गोळ्या सोडून आणखी काय?

परदेशातल्या एका रुग्णालयात क्लिनिकल फार्मसी, म्हणजे वॉर्डात रुग्णाजवळ जाऊन त्याची औषधं तपासायचं काम, शिकवायला गेले तेव्हा माझ्याजवळ वॉर्डातला अनुभव होता, नोट्स होत्या, स्लाइड्स होत्या. नव्हती ती रुग्णांची भाषा. विद्यार्थी माझ्याशी इंग्रजीत बोलत, केसपेपरही इंग्रजीत असे. पण खाटेवरचा माणूस काय म्हणतोय, यातलं मला अक्षरही कळत नसे.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. पदवीची पडताळणी, नोंदणी, लसींचे दाखले, गोपनीयतेच्या करारावर सह्या, हे सगळं कुठेही चुकत नाही. नोंदणी पुरी होईपर्यंत मला केसपेपरवर काही लिहायची परवानगी नव्हती. माझी सूचना तिथल्या फार्मासिस्टच्या सहीने जायची. आधी ते जरा टोचलं. नंतर कळलं की त्या रिकाम्या आठवड्यांत गप्प बसून बघायला मिळालं, तेच पुढे कामी आलं. उदाहरणार्थ, राउंडला कुठे उभं राहायचं हे प्रोफेसर नाही, वॉर्डची मुख्य नर्स ठरवते. तिच्याशी आधी ओळख करून घ्या.

विद्यार्थी हुशार होते. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचे दुष्परिणाम विचारले की घडाघडा म्हणत: मळमळ, भूक मंदावणं, नाडी हळू होणं, पिवळसर दिसणं. मग मी विचारायची, ‘या बाईंना यातलं काय होतंय?’ की सहाच्या सहा डोकी केसपेपरात. बाईंकडे कुणीच बघत नसे, आणि त्या तर दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या असत, न खाल्लेलं ताट समोर ठेवून.

पहिल्या आठवड्यात मी स्वतःच तोंडघशी पडले. ८१ वर्षांच्या एक आजी, वजन ४५ किलो, रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, मूत्रपिंडाने गाळायचा टाकाऊ पदार्थ) ८८. मूत्रपिंड किती काम करतंय हे काढायला आम्ही अजूनही कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ चं सूत्र वापरतो: १४० मधून वय वजा करायचं, वजनाने गुणायचं, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचं, बाई असेल तर ०.८५ ने गुणायचं. मी फळ्यावर झरझर मांडलं. उत्तर आलं मिनिटाला अर्धा मिलिलिटरसुद्धा नाही, म्हणजे मूत्रपिंड जवळजवळ बंदच! मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, आजी तर आत्ताच चहा मागत होत्या.’

वर्ग हसला, मीही हसले. सूत्रातला ७२ हा आकडा क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये धरतो. तिथली लॅब मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये देते. माझी सारी सवय पहिल्या एककाची. ८८ म्हणजे साधारण १. पुन्हा मांडलं तर ३१ आले. आणि खरी गंमत इथेच आहे. क्रिएटिनिन १ दिसलं की सगळे ‘नॉर्मल’ म्हणून पुढे जातात, पण एवढ्या वयाच्या, एवढ्या हडकुळ्या बाईंत स्नायूच कमी, त्यामुळे क्रिएटिनिनही कमीच तयार होतं. एनोक्सापॅरिन, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारं इंजेक्शन, मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं; त्याचा उपचाराचा डोस सूत्राचं उत्तर ३० च्या खाली गेलं की दिवसातून दोनदाऐवजी एकदा द्यायचा असतो. आजी अगदी काठावर होत्या. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन पुन्हा बघायचं, हे एका मुलीने मी न सांगता वहीत लिहिलं. माझ्या चुकीने जेवढं शिकवलं तेवढं माझ्या स्लाइडने शिकवलं नसतं, हे कबूल करते.

औषधांच्या नावांचाही असाच गोंधळ. पुस्तकं अमेरिकन, त्यांत ॲसिटामिनोफेन आणि अल्ब्युटेरॉल. वॉर्डात तीच औषधं पॅरासिटामॉल आणि साल्ब्युटामॉल. ब्रँड तर सगळेच अनोळखी. मी दारातच सांगून टाकलं, ब्रँडचं नाव तुम्ही मला शिकवायचं.

भाषेचं मात्र तसं निभणार नव्हतं. शेवटी मी ठरवलं, रुग्णाशी फक्त विद्यार्थी बोलतील आणि मला प्रत्येक वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं सांगतील. सारांश चालणार नाही. ‘ते म्हणतात औषधं नीट घेतात’ असं कुणी म्हटलं की मी विचारायची, ‘नीट म्हणजे? त्यांचा शब्द काय होता?’ पोरं वैतागली. पण पुन्हा विचारायला गेली की बहुधा काहीतरी नवं घेऊन यायची.

एक आजोबा चक्कर येऊन पडले होते. नाडी ४६. बिसोप्रोलॉल ५ मिलिग्रॅम चालू, म्हणजे नाडी हळू करणारा बीटा ब्लॉकर. विद्यार्थ्यांचं निदान तयार: डोस कमी करा. मी म्हटलं, हा डोस कितीतरी दिवस चालू आहे, मग आत्ताच काय झालं? गोळ्या सोडून आणखी काय घेतात ते विचारा. विचारलं. ‘काही नाही.’ पुन्हा विचारा, मलम, पंप, थेंब, काढा, एकेक नाव घेऊन. थेंब म्हटल्याबरोबर आजोबांनी डोळ्याकडे बोट केलं. काचबिंदूसाठी महिन्याभरापूर्वी टिमोलॉल सुरू झालं होतं. तोही बीटा ब्लॉकरच. डोळ्यातून नाकाच्या नळीत उतरतो आणि तिथून थेट रक्तात. डोळ्यांचा थेंब म्हणजे औषध, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. विचारणाऱ्या मुलाच्याही नव्हतं. त्या दुपारी तो मला न विचारता पुन्हा आजोबांकडे गेला आणि थेंब घातल्यावर डोळ्याचा आतला कोपरा दोन मिनिटं दाबून कसा धरायचा ते दाखवून आला.

आता हे डॉक्टरांना सांगायचं कसं? पहिल्यांदा एकाने भर राउंडमध्ये ‘हा डोस चुकीचा आहे’ म्हटलं आणि पुढचे तीन दिवस त्या डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. मग मी रिकाम्या खोलीत चिडका डॉक्टर होऊन बसायची आणि मुलांनी माझ्याशी बोलायचं: आधी रुग्ण, मग आकडा, मग आपली सूचना, सगळं अर्ध्या मिनिटात. ‘फार्मासिस्टचं वॉर्डात काय काम?’ हे मी मुद्दाम विचारायची, कारण खरे डॉक्टरही विचारतात. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात फार्मासिस्ट नवव्या मजल्यावरच्या वॉर्डात काम करू लागले, तेव्हापासून हा प्रश्न काही जुना झालेला नाही.

सगळ्या सूचना मान्य झाल्या असं मुळीच नाही. वॉर्फरिनबरोबर क्लोपिडोग्रेल, म्हणजे गुठळी रोखणारी दोन औषधं एकत्र बघून एकीने रक्तस्रावाचा धोका फार व्यवस्थित मांडला. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, ‘स्टेंट कधी बसवला, पाहिलंस?’ दोनच महिने झाले होते, आणि नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणूनच क्लोपिडोग्रेल चालू होतं. ती आणि मी, दोघींनीही ते पान उलटलं नव्हतं. संध्याकाळी माझ्या वहीत मी तिच्या नावापुढे नाही, माझ्या नावापुढे फुली मारली.

सत्र संपेपर्यंत मीही त्या भाषेतलं एक वाक्य पाठ केलं: ‘गोळ्या सोडून आणखी काय घेता?’ विचारलं की रुग्ण आधी खुदकन हसायचे आणि मग भरभरून सांगायचे. मला वाटलं, जमलं की! शेवटच्या दिवशी त्या डोळ्याच्या थेंबवाल्या मुलाने खुलासा केला. ‘मॅडम, तुमच्या उच्चारात त्याचा अर्थ वेगळाच होतो. पण उत्तरं चांगली मिळतात, म्हणून आम्ही कुणी बोललो नाही.’

अर्थ काय होतो, ते त्याने अजून सांगितलेलं नाही.