पोच न मिळालेलं पत्र: क्वेकर सभासदत्वाचा माझा अनुभव

क्वेकर म्हणजे इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात सुरू झालेला, शांत बसून उपासना करणारा ख्रिस्ती पंथ. मीटिंग म्हणजे त्यांची उपासनेची सभा आणि ती भरवणारा गटही. जानेवारी २०१९ च्या दुसऱ्या आठवड्यात मी क्वेकर सभासदत्वासाठी पत्र टाकलं. सभासद झाले त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये. मधले दहा महिने मी कधी विसरणार नाही. इंग्लंडमध्ये राहणारी आपली काही माणसं हल्ली रविवारी क्वेकर मीटिंगला जाऊन बसतात आणि मला विचारतात, 'सभासद व्हायचं तर काय करावं लागतं?' त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझ्या मीटिंगचं नाव घेत नाही. ती माणसं माझी आहेत आणि मला अजूनही तिथेच जायचं आहे.

मी मूळची वर्ध्याची. आई पन्नासच्या दशकात सेवाग्रामला नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या, शाळेत शिकली. त्या काळात मार्जरी साइक्स तिथे नई तालीमचं काम बघत होत्या आणि त्या क्वेकर होत्या, हे मला फार उशिरा, इंग्लंडला आल्यावर कळलं. सेवाग्रामला उघड्या आकाशाखाली प्रार्थनेला बसायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. त्यामुळे पहिल्यांदा मीटिंगला गेले तेव्हा परकं असं काही वाटलंच नाही. तीसेक माणसं गोलात खुर्च्या मांडून बसतात. मध्ये टेबल, त्यावर फुलं. तासभर शांतता. कुणाला आतून अगदीच राहवलं नाही तर ती व्यक्ती उभी राहून दोन-चार वाक्यं बोलते आणि बसते. पाद्री नाही, प्रवचन नाही, गाणं नाही. शेवटी दोन एल्डर, म्हणजे उपासनेची काळजी वाहणारी जाणती माणसं, एकमेकांशी हस्तांदोलन करतात, मग सगळेच शेजाऱ्याचा हात हातात घेतात आणि चहा होतो. नव्यानं जाणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं की कुणी बोलून बसलं की लगेच आपण उठायचं नाही, थोडा वेळ जाऊ द्यायचा. त्या व्यक्तीच्या बोलण्याला उत्तर तर मुळीच द्यायचं नाही.

अशी नुसती येणारी माणसं म्हणजे 'अटेंडर'. वर्षानुवर्षं अटेंडर राहिलात तरी कुणी टोकत नाही. मीही राहिले असते, पण २०१८ मध्ये वुडब्रुकला एका शनिवार-रविवारच्या कार्यशाळेला गेले आणि मनात पक्कं झालं. वुडब्रुक म्हणजे बर्मिंगहॅममधलं चॉकलेटवाल्या जॉर्ज कॅडबरी यांचं घर. १९०३ मध्ये तिथे क्वेकरांचं अध्ययन केंद्र सुरू झालं. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी तिथे जाऊन राहिले होते. ती वास्तू २०२३ मध्ये केंद्रानं सोडली, त्यामुळे मला लाभलं ते तुम्हाला तिथे जाऊन मिळणार नाही, याचं वाईट वाटतं. कार्यशाळा होती 'एक्सपेरिमेंट विथ लाइट'ची. रेक्स अँब्लर यांनी १९९६ मध्ये क्वेकर पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांच्या लिखाणातून ही ध्यानाची रीत बांधली. आधी शरीर-मन सैल सोडायचं. मग आयुष्यात खरोखर काय चाललंय ते आपोआप वर येऊ द्यायचं. त्यातली एकच गोष्ट धरायची, पण तिच्यात बुडायचं नाही, थोडं अंतर ठेवून पाहायचं. 'हे असं का आहे?' असं विचारायचं आणि उत्तर आपण तयार न करता थांबायचं. जे दिसेल ते मान्य करायचं. मग गटात बसून ज्याला वाटेल त्यानं सांगायचं. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. ही रीत पुढे माझ्या कामी आली, कशी ते सांगतेच.

(अशा कार्यशाळेची फी परवडत नसेल तर आपल्या मीटिंगच्या खजिनदाराला विचारा. माझी निम्मी फी मीटिंगनं भरली. फॉर्म वगैरे काही नव्हता, एक ईमेल पुरला.)

सभासदत्वाची पद्धत कागदावर अगदी साधी आहे. आसपासच्या काही मीटिंगा मिळून एक 'एरिया मीटिंग' असते. तिच्या क्लार्कला, म्हणजे तिचं कामकाज बघणाऱ्या सभासदाला, पत्र लिहायचं. एरिया मीटिंग सहसा दोन जणांना तुमच्या भेटीला पाठवते, ते गप्पा मारतात, अहवाल लिहितात, तो एरिया मीटिंगमध्ये वाचला जातो आणि निर्णय होतो. मी चार पानी पत्र हातानं लिहिलं. आईबद्दल लिहिलं, बाबांबद्दल लिहिलं, घरातल्या देवघराबद्दलही लिहिलं, कारण लपवून काही मिळवायचं नव्हतं. मीटिंगच्या नोटीस बोर्डावरून क्लार्कचा पत्ता उतरवून घेतला आणि पत्र पेटीत टाकलं.

त्यानंतर काहीच नाही.

फेब्रुवारी गेला. मला वाटलं, ही माणसं सावकाश काम करतात, होईल. मार्च गेला. दर रविवारी मी त्याच गोलात बसत होते. चहाच्या वेळी सगळे हवेबद्दल, नातवंडांबद्दल, छपराच्या दुरुस्तीबद्दल बोलायचे. पत्राचं नाव कुणी काढत नव्हतं आणि मीही काढत नव्हते. ज्या शांततेसाठी मी येत होते, तीच आता मला टोचू लागली. सगळे डोळे मिटून बसलेले असायचे आणि माझ्या डोक्यात एकच: यांनी पत्र वाचलं असेल. देवघराचं वाचून कपाळाला आठ्या पडल्या असतील. सांगायचं कसं म्हणून गप्प असतील. परदेशात वीस वर्षं काढलेल्या माणसाला हा संशय कुठून येतो ते वेगळं सांगायला नको. मी दोन रविवार गेलेच नाही.

माझे बाबा तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का, क्रमांक, तारीख, आणि समोरच्याच्या हातात पोच. संध्याकाळी घरच्या ओट्यावरही लोक अर्ज घेऊन यायचे. बाबा सांगायचे, 'काम होईल न होईल ते साहेब बघतील, पण पोच घेतल्याशिवाय हलू नका.' ज्याला नाही म्हणायचं आहे त्यालासुद्धा आधी 'तुमचा कागद मिळाला' एवढं सांगायलाच हवं, हे मी घरात शिकले. म्हणून मला याचा राग आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, 'अगं, मग विचारून टाक ना त्यांना! तोंड आहे ना तुला?' पण मला विचारवेना.

एप्रिलच्या शेवटी स्वार्थमोर हॉलला, म्हणजे अल्व्हरस्टनजवळच्या क्वेकरांच्या एका जुन्या घरी, तीन दिवसांचं रिट्रीट होतं. आधीच पैसे भरले होते म्हणून गेले. लँकॅस्टरहून अल्व्हरस्टनची गाडी मोरकॅम्ब खाडीच्या काठाकाठानं जाते, भरती-ओहोटीचं पाणी आणि ओल्या वाळूचे पट्टे खिडकीतून दिसतात. जागा मिळाली तर खाडीच्या बाजूला बसा. स्टेशनवरून हॉलपर्यंत चालत जाता येतं, पण चाकांची बॅग नको, पाठीवरची न्या. बूट चिखलाचे असतील तर घरात घालायला सपाताही न्या. जेवणाची काळजी करू नका, शाकाहारी अगदी सहज मिळतं.

१६५२ मध्ये जॉर्ज फॉक्स या घरी आले आणि घरच्या मालकीणबाई मार्गारेट फेल त्यांच्या विचाराच्या झाल्या. पुढे देशभर फिरणारे, तुरुंगात पडणारे क्वेकर प्रचारक या घरी पत्रं पाठवायचे. मार्गारेट फेल उत्तरं लिहायच्या, गरजूंना पैसे पोचवायच्या आणि पत्रं जपून ठेवायच्या. त्यातली शेकडो आजही आहेत. हे कळलं तेव्हा मी त्या जुन्या दगडी भिंतींच्या खोलीत उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हा सगळा पंथ उभा राहिला तो उत्तर दिलेल्या पत्रांवर, आणि माझ्या पत्राला साधी पोच नव्हती.

त्या रात्री वुडब्रुकला शिकलेल्या रीतीनं बसले. वर आलं ते एका दाराचं पितळी झाकण, पत्र आत टाकायची फट. मी त्या झाकणाकडे बघत होते आणि ते उघडत नव्हतं. 'हे असं का आहे?' म्हणून विचारलं आणि थांबले. बऱ्याच वेळानं उत्तर आलं ते असं: झाकण माझ्याच हातात होतं. नकार ऐकावा लागेल म्हणून मी विचारत नव्हते, आणि न विचारता त्यांच्यावर आरोप मात्र रचत होते. ते दिसल्यावर राग गेला असं नाही, पण आता विचारायचं हे ठरलं.

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी चहाच्या वेळी आमच्या एल्डर बाईंना बाजूला घेऊन विचारलं. त्यांचा चेहरा लालच झाला. त्यांना काही माहीतच नव्हतं. दोन दिवसांत उलगडा झाला. क्लार्कची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि आमच्या एरिया मीटिंगचा क्लार्क डिसेंबरअखेर बदलला होता. नोटीस बोर्डावरचा पत्ता कुणी बदलला नव्हता. माझं पत्र जुन्या क्लार्कच्या घरी, दाराच्या आत पायपुसण्यावर पडून होतं, आणि ते गृहस्थ चार महिने न्यूझीलंडला मुलीकडे होते.

म्हणजे कुणाच्याच मनात काही नव्हतं. हे ऐकून मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी पुन्हा संतापही आला, कारण पुढेही तेच झालं. जुलैच्या एरिया मीटिंगमध्ये दोन व्हिजिटर, म्हणजे मला भेटायला येणारे दोघं, नेमले गेले. त्यातल्या एकाचं मनगट मोडलं. दुसऱ्या बाई ते बरे होण्याची वाट बघत बसल्या, आणि हे मला ऑगस्ट संपता संपता कळलं. सगळे समजावत होते की ही सगळी स्वयंसेवेची कामं आहेत, पगारी ऑफिस नाही. खरं आहे. पण पाद्री नसेल तर त्याचं काम सगळ्यांनी मिळून करायचं, असं हीच माणसं मानतात. मग नव्या माणसाला दोन ओळी कळवायचं काम कुणाच्या तरी नावावर हवं की नको? हे मी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांसमोर, सूचनांच्या वेळी उभी राहून बोलले. आवाज कापत होता. कुणी वाद घातला नाही. पुढच्याच आठवड्यात बोर्डावर नवा पत्ता लागला.

म्हणून सांगते, पत्र शक्यतो ईमेलनं पाठवा, सध्याचा क्लार्क कोण ते तोंडी विचारून घ्या आणि दोन आठवड्यांत पोच आली नाही तर फोन करा. पत्राची प्रत ठेवा. माझ्याकडे नव्हती आणि मूळ पत्र हाती येईपर्यंत मी दुसरं लिहून दिलं. ते अर्धं पानच झालं आणि तेवढं पुरलं.

भेट सप्टेंबरमध्ये एका मंगळवारी संध्याकाळी झाली. परीक्षा असते असं समजू नका. दोघं आले, पोहे खाल्ले, मग आम्ही थोडा वेळ शांत बसलो. देवघराबद्दल मीच विषय काढला. त्या बाई उठून देवघरापाशी गेल्या, विठ्ठलाच्या तसबिरीसमोर जरा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'इथे तुम्ही रोज काय करता?' दिवा लावते आणि दोन मिनिटं बसते, असं मी सांगितलं. 'मग रविवारीही तेच करता,' असं म्हणून त्या खुर्चीत येऊन बसल्या. अहवाल पाठवण्याआधी मला वाचायला दिला. तुमच्याकडेही तसा मागून घ्या.

नोव्हेंबरच्या एरिया मीटिंगमध्ये माझा विषय निघाला तेव्हा मी बाहेर थांबले होते. क्वेकरांकडे मतदान नसतं. क्लार्क सगळ्यांचा कल जाणून तिथेच, सगळे शांत बसलेले असताना मिनिट, म्हणजे जे ठरलं त्याची नोंद, लिहितो आणि वाचून दाखवतो. मान्य असेल तर लोक 'होप सो', म्हणजे 'तसंच होवो', म्हणतात. मला आत बोलावून ते मिनिट पुन्हा वाचलं. त्यात माझं पूर्ण नाव होतं, आडनावाचा उच्चारही बरोबर केला. फी काही नसते. वर्षातून एकदा खजिनदाराचं पत्र येतं, जमेल तेवढं द्यायचं. त्या रात्री आईला फोन केला तर तिनं आधी विचारलं, 'पोच दिली का लेखी?' त्या मिनिटाची प्रत माझ्या हातात होती.

गेल्या वर्षी मला व्हिजिटर म्हणून नेमलं. एरिया मीटिंगहून घरी आले, कोट काढायच्या आधी अर्जदाराला फोन लावला. माझं नाव सांगितलं, तुमचं पत्र मिळालंय म्हटलं आणि या महिन्यात कोणता दिवस सोयीचा आहे ते विचारलं. पलीकडून आधी एक मोठा श्वास ऐकू आला, मग, 'गुरुवार चालेल.'