ताई, अप्रेंटिसशिप करू का?

हा मेसेज मला सारखा येतो. पाठवणारी मुलं-मुली बहुतेक सोलापूर, लातूर, सांगलीकडची. कुणाचं बीएस्सी स्टॅट्स झालेलं असतं, कुणाचं बीकॉम. "ताई, डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचंय. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करू, की एखाद्या चॅनलमध्ये अप्रेंटिस म्हणून लागू? तुम्ही तसंच केलंत ना?"

हो, तसंच केलं. सोलापुरातून बीएस्सी करून मुंबईत एका मोठ्या टीव्ही समूहाच्या रिसर्च विभागात अप्रेंटिस म्हणून लागले. सोय असेल तर तुम्हीही लागा, असंच मी सांगेन. कोर्स वाईट असतात म्हणून नव्हे. एक्सेल, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), पॉवर बीआय (आलेख-अहवाल बनवायचं सॉफ्टवेअर) हे घरबसल्या येतं, थोडी चिकाटी लागते एवढंच. पण समोरचा आकडा मुळात जन्माला कुठे आला आणि तो कोणाला कसा हवाय, हे घरी बसून कळत नाही. त्यासाठी ज्यांचं पोट त्या आकड्यावर आहे अशा माणसांच्या शेजारी बसावं लागतं.

आधी कागदपत्रांचं उरकते. अप्रेंटिसशिप आणि इंटर्नशिप एक नव्हे. अप्रेंटिसशिपला 1961 चा कायदा आहे, करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि यात फक्त आयटीआय-इंजिनिअरिंगवालेच येतात हा जुना समज सोडून द्या. बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांनाही दार उघडं आहे. पदवीधरांसाठीची योजना 'नॅट्स' नावाने चालते, आपल्याकडचं तिचं कार्यालय मुंबईत सायनला आहे. मी होते तेव्हा पदवीधराला महिन्याला किमान 9,000 रुपये स्टायपेंड होता. आता नवा नियम काय आहे तो पोर्टलवर पाहून घ्या. आणि हेही माहीत असू द्या की कायद्याच्या लेखी अप्रेंटिस हा शिकाऊ असतो, कामगार नव्हे. पीएफ नाही, वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही. कुणी तोंडी "अप्रेंटिस म्हणून घेतो" म्हणालं तर करार पोर्टलवर कधी चढणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. विचारायला लाजू नका. मीही विचारलं होतं, एचआरच्या मुलीला उलट बरंच वाटलं.

आता काम. टीव्हीच्या रिसर्च विभागाचा आठवडा गुरुवारी सुरू होतो, कारण त्या दिवशी बार्कचे आकडे येतात. बार्क म्हणजे देशभरातलं टीव्ही पाहणं मोजणारी संस्था. तिचा आठवडा शनिवार ते शुक्रवार, आणि आकडे हाती येतात पुढच्या गुरुवारी. म्हणजे त्यातला शनिवार तोवर बारा दिवसांचा शिळा झालेला असतो. तरी सकाळपासून मजल्यावर एकच प्रश्न: "नंबर आले का?" मालिकेचे लोक, सेल्सचे लोक, प्रोमो कापणारे, सगळे. अप्रेंटिसचं काम सुरुवातीला हमालीचंच: आकडे उतरवून घ्यायचे, स्लॉटनुसार लावायचे, आपली मालिका आणि समोरच्या चॅनलची मालिका शेजारी-शेजारी मांडायची, दुपारच्या आत डेक, म्हणजे प्रेझेंटेशन, तयार. हे काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू. पण रोज तीच मांडणी करता-करता डोळ्यांना सवय लागते, आणि एक दिवस एखादा आकडा खुपायला लागतो.

मला पहिल्यांदा खुपलेला आकडा ग्रामीण भागाचा होता. आमची एक चांगली चाललेली मालिका एका रात्री महाराष्ट्र-गोव्याच्या ग्रामीण भागात एकदम पडली. शहरात जागच्या जागी. बैठकीत लगेच चर्चा सुरू झाली की नायिकेचा तो प्रसंग गावाकडच्या बायकांना रुचला नाही. लेखकाला फोनसुद्धा लागला. आमच्या विभागाच्या मॅडमनी मला फक्त एवढंच विचारलं, "टोटल टीव्ही बघितलास का?" म्हणजे आपलं चॅनल बाजूला ठेव, त्या वेळी त्या भागात एकूण टीव्हीच किती पाहिला गेला ते बघ. बघितलं, तर एकूणच पडला होता. सगळ्याच चॅनलचा. आमचा त्यातला वाटा होता तेवढाच होता. मग बातम्या चाळल्या. वादळी पावसात बऱ्याच ठिकाणी वीज गेली होती. अंधारातल्या घरात नायिकेवर कोण कशाला रागावेल? लेखकाचा प्रसंग बचावला. माझ्यासारख्या गावाकडच्या मुलीला वीज आठवायला हवी होती खरं तर, पण तिथे बसलं की आपणही प्रसंगाबद्दलच बोलायला लागतो.

मोजतात कसं, हेही तिथेच कळलं. चॅनलच्या आवाजात कानाला न ऐकू येणारी खूण मिसळलेली असते, निवडलेल्या घरातला मीटर ती पकडतो. समोर कोण बसलंय ते मात्र मीटरला दिसत नाही. घरातल्या प्रत्येकाला मीटरच्या रिमोटवर स्वतःचं बटण असतं, ते त्याने दाबायचं असतं. अख्खी इमारत त्या बटणावर उभी आहे. 2020 च्या सुमारास देशात 21 कोटींच्या आसपास टीव्ही असलेली घरं आणि मीटरची घरं 44,000 च्या आसपास, म्हणजे एक घर पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलत होतं. पुढे मीटर वाढून 55,000 च्या वर गेले. सगळ्या देशासाठी हे पुरेसं आहे, संख्याशास्त्र तेच सांगतं. पण त्याच पॅनेलमधून, म्हणजे मीटरच्या घरांमधून, तुम्ही "मुंबई, 15 ते 21, फक्त मुलगे, रात्री साडेदहा" एवढं बारीक कापलंत की हाती मोजकी घरं उरतात, आणि त्यातल्या एका घरातले लोक लग्नाला गेले तरी रेटिंग हलतं. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शितं किती उचललीत ते सांगावं लागतं.

घरांची वर्गवारीही बघण्यासारखी. मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि 11 गोष्टींच्या यादीतल्या किती घरात आहेत, यावरून घर ए की बी की सी हे ठरतं, ए म्हणजे वरचा गट. यादीत पंखा, फ्रिज, गाडी, एसी, आणि त्याच रांगेत शेतजमीन. एक एकर असो की वीस एकर बागायत, खूण एकच. मुंबईत वाढलेल्या सहकाऱ्यांना यात काही वाटलं नाही. मला मात्र गावचे द्राक्षवाले काका आठवले, ज्यांचं शिक्षण चौथीपर्यंत आणि दारात दोन गाड्या. ते 'ए' गटात बसतीलच असं नाही. आणि जाहिरातदार पैसे मोजतो ते 'ए-बी'साठी.

बातम्यांच्या चॅनलची गोष्ट वेगळीच. ऑक्टोबर 2020 मध्ये रेटिंगमध्ये फेरफार झाल्याचे आरोप झाले, आणि बार्कने बातम्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले. ते परत सुरू झाले मार्च 2022 मध्ये, तेही चार आठवड्यांच्या सरासरीने. मी लागले तो काळ नेमका मधला. आमच्या न्यूजच्या मजल्यावर आकडाच नव्हता, आणि आकड्याशिवाय माणसं कशी वागतात ते बघायला मिळालं. यूट्यूबवर लाइव्ह किती जण आहेत तो आकडा भिंतीवरच्या पडद्यावर लागला आणि संपादक त्याच्याकडे बघून बोलू लागले. यूट्यूबवर गर्दी करणारा प्रेक्षक आणि घरात साडेसातच्या बातम्या लावणारे आजोबा एक नव्हेत, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी हाताशी जो आकडा आहे तोच खरा वाटायला लागतो. आकडे परत आले तेव्हा चार आठवड्यांच्या सरासरीमुळे एखादा गाजलेला दिवस त्यात विरघळून जायचा. न्यूजरूमची चिडचिड व्हायची. मला विचाराल तर बरंच झालं. एका रात्रीच्या आरडाओरड्याचं बक्षीस लगेच मिळत नव्हतं.

आणि सेल्स. सेल्सचा माणूस कधीच "आपण कितवे?" असं विचारत नाही. तो विचारतो, "आपण पहिले कुठे आहोत?" मग वय कापा, गाव कापा, वेळ कापा, कुठेतरी पहिले निघतोच. हे खोटं नसतं, आकडा बरोबरच असतो. अशा वेळी मॅडमची पद्धत ठरलेली होती: असा कापलेला आकडा द्यायचा, पण बाजार, वय, वेळ, आठवडे सगळं त्याच स्लाइडवर, वाचता येईल एवढ्या अक्षरात. नमुना फारच छोटा असेल तर द्यायचाच नाही. भांडणं व्हायची. मी गप्प बसून ऐकायचे. कुठल्याही कोर्सच्या अभ्यासक्रमात ही भांडणं नसतात, आणि नोकरीत मात्र आठवड्याला एक असतं.

पैशाचं स्पष्ट बोलते. स्टायपेंडमध्ये मुंबईत खोली घेऊन राहता येत नाही. मी डोंबिवलीला मावशीकडे राहिले म्हणून जमलं. ज्यांच्यावर घर चालवायची जबाबदारी आजच आहे, त्यांनी हा रस्ता धरू नये. बॅकऑफिसची का होईना, पगाराची नोकरी धरा आणि बाजूने शिका. ज्यांना मशीन लर्निंगचंच वेड आहे त्यांनीही टीव्हीच्या रिसर्चमध्ये येऊ नका, वर्षभर सरासरी आणि टक्केवारी करून वैतागाल. आणि "मीडिया" म्हणून नटनट्या दिसतील या आशेने येणार असाल, तर लिफ्टमध्ये दिसतात, तेवढंच.

मी आता ओटीटीकडे आहे. इथे नमुनाबिमुना नाही, प्रत्येक क्लिकची नोंद होते, करोडो ओळी. एसक्यूएल खऱ्या अर्थाने इथे शिकले. नवीन मुलांना वाटतं की सगळंच मोजलं जातंय म्हणजे प्रश्न मिटला. पण पासवर्ड एक आणि बघणारं अख्खं घर: दुपारी सासूबाई, संध्याकाळी पोरं, रात्री जोडपं, आणि नोंदीत सगळे मिळून एकच 34 वर्षांचा पुरुष. म्हणजे रिमोटवरच्या बटणाचा प्रश्न इथेही आहेच, फक्त बटण नाहीये.

राहिला तुमचा नेहमीचा दुसरा प्रश्न, मुलाखतीसाठी प्रोजेक्ट कोणतं करू. सरावासाठी सगळे वापरतात तो टायटॅनिकमधल्या प्रवाशांचा डेटा कृपा करून नको, मुलाखत घेणाऱ्यांनी तो हजार वेळा पाहिलाय. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक संस्था, दर तिमाहीला अहवाल काढते, त्यात पैसे भरून डीटीएच घेणाऱ्यांचा आकडा असतो. 2020 च्या अखेरीस तो सात कोटींच्या घरात होता, 2024 मध्ये सहा कोटींच्या आसपास आला. मधल्या सगळ्या तिमाह्यांचे आकडे एका शीटमध्ये भरा आणि आलेख काढा. मग लोकांनी टीव्ही सोडला असं म्हणायच्या आधी एवढं तपासा की दूरदर्शनची फ्री डिश, जिला महिन्याचे पैसे भरावे लागत नाहीत, या आकड्यात धरली आहे का. धरलेली नाही. मग सुटलेली घरं कुठे गेली असतील, याबद्दल तुमचं मत आणि ते कशावरून, हे अर्ध्या पानात लिहून मला पाठवा. मराठीत लिहिलंत तरी चालेल.