तुम्ही विचारलंत म्हणून: मी क्लेमांसोची बाजू का घेतो

व्याख्यान पहिल्या महायुद्धावर असो नाहीतर दुसऱ्या, शेवटी कुणीतरी उठतंच: “सर, क्लेमांसोचा, फ्रान्सच्या त्या सूडाने पेटलेल्या म्हाताऱ्या पंतप्रधानाचा, तुम्हाला एवढा पुळका का? पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात त्याने जर्मनीला पिळलं नसतं तर हिटलर आला असता का?” पाठोपाठ दुसरा बाण: “टिळकांनी भारताच्या स्वयंनिर्णयासाठी लंडनहून याच क्लेमांसोला निवेदन पाठवलं, त्याचं काय झालं?”

काही झालं नाही. पण स्वयंनिर्णयाचा झेंडा अमेरिकेचा अध्यक्ष विल्सनच्या हातात होता ना? त्याच्या कचेरीने टिळकांना कळवलं ते एवढंच, की योग्य वेळी योग्य अधिकारी हा प्रश्न हाती घेतील. तेव्हा हे पाप मांडायचं तर सगळ्यांच्या खात्यावर मांडा.

आता पिळण्याचं. सैनिकांची निवृत्तिवेतनं भरपाईत धरा, हा आग्रह ब्रिटनचा. उद्ध्वस्त झाली होती ती फ्रान्स-बेल्जियमची जमीन. नुसत्या मोडतोडीच्या हिशेबात लंडनच्या वाट्याला फार काही येत नव्हतं. आणि ब्रिटनचा हाच पंतप्रधान लॉइड जॉर्ज १९१९च्या मार्चअखेर पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोहून मसुदा धाडतो, की जर्मनीशी जरा नरमाईने घ्या. फ्रान्सचं उत्तर मला आजही बिनतोड वाटतं: जर्मनीला खूश करायचंच असेल, तर वसाहती, आरमार, व्यापार यांत सवलत द्या. म्हणजे जे तुम्ही मिळवलंत त्यात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातं!

पण मी त्याच्या बाजूला गेलो तो १४ मार्चच्या सौद्यामुळे. फ्रान्सचा सेनापती मार्शल फॉश याचा हट्ट होता, ऱ्हाईन नदी हीच जर्मनीची पश्चिम सीमा. अलीकडचा मुलूख तोडा. विल्सन अमेरिकेहून परतला त्याच दिवशी त्याने आणि लॉइड जॉर्जने क्लेमांसोपुढे ताट मांडलं: नदीचा हट्ट सोडा, जर्मनीने पुन्हा हल्ला केला तर आम्ही दोघे धावून येऊ. लॉइड जॉर्जने तर मदत लवकर पोचावी म्हणून इंग्लंड-फ्रान्सदरम्यान समुद्राखालच्या बोगद्याचंही गाजर दाखवलं. क्लेमांसोने विचाराला वेळ मागितला. सत्तरी ओलांडलेला माणूस. महिन्यापूर्वीच झाडलेली गोळी अंगात तशीच होती. १८७१ साली अल्सेस-लॉरेन हे फ्रेंच प्रांत जर्मनीला देण्याविरुद्ध निषेध नोंदवणाऱ्या खासदारांतला तो, आणि तेरा लाखांवर फ्रेंच सैनिक नुकतेच मातीत गेलेले. तरी त्याने नदी सोडली. ऱ्हाईनकाठावर पंधरा वर्षांचा टप्प्याटप्प्याने उठणारा लष्करी ताबा आणि मदतीच्या हमीवर विल्सन-लॉइड जॉर्जच्या दोन सह्या यांवर भागवलं. फॉश संतापला, राष्ट्राध्यक्ष प्वांकारेही. मित्र सोडून फ्रान्स एकटा पडला तर नदी काय कामाची, हा क्लेमांसोचा हिशेब.

पुढे अमेरिकन सेनेटने तहच दोनदा फेटाळला. हमीच्या करारावर मतदानसुद्धा झालं नाही. ब्रिटिश पार्लमेंटने आपला करार मंजूर केला होता, पण तो अमेरिकेच्या मंजुरीवर टांगलेला. ती नाही, म्हणून हाही नाही. नदीही गेली, हमीही गेली. आणि सूडबुद्धीचा कोण, तर क्लेमांसो!

फ्रान्सच्या सीमेलगतच्या सार या जर्मन प्रदेशातल्या कोळसाखाणी क्लेमांसोला हव्या होत्या, त्याबद्दल मात्र मी त्याचा बचाव करणार नाही. २८ मार्चला याच प्रश्नावर विल्सनशी कडाक्याचं वाजलं. तिथे दीड लाख फ्रेंच राहतात, असं क्लेमांसोने ठोकून दिलं होतं. १९३५ साली तिथे मतदान झालं, तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी जर्मनी निवडली. यावर काय बोलणार?

शिकवायला लागलो तेव्हा मी पक्का विल्सनवाला होतो. तो जुना मी अजून अधूनमधून भांडायला येतो. म्हणतो, ऱ्हाईनकाठची माणसं जर्मनच होती. १ जून १९१९ला फ्रेंच सेनापतीच्या आशीर्वादाने वीसबाडेनला स्वतंत्र ऱ्हाईन प्रजासत्ताक जाहीर झालं, ते काही दिवसांतच बारगळलं. नदी घेतली असती, तर फ्रान्सने उलटं अल्सेस-लॉरेनच उभं केलं असतं. हे मला मान्य आहे. मग मी त्याला १९३० दाखवतो: मुदतीच्या पाच वर्षं आधीच फ्रेंच फौजा माघारी गेल्या, १९३६ला जर्मन फौजा त्या ऱ्हाईनकाठात शिरल्या तेव्हा अडवायला कुणी नव्हतं. तह कठोर होता म्हणता, तर तो राबवला कुणी? त्यावर तो म्हणतो, जो तह राबवायला मित्रच तयार नव्हते, तो करणाऱ्याला शहाणा कसं म्हणायचं? इथे आमचं दोघांचं नेहमी अडतं.