स्काऊटचं सर्टिफिकेट अन् ॲडमिशन

आज दारव्ह्याच्या बाजारात एका पालकानं अडवलं. "सर, पोराले स्काऊटचा राज्य पुरस्कार भेटला. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनले कामी येईन काय?"

नाही येत, दादा. कॅप राऊंडची, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीची, मेरिट लिस्ट सीईटी या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर लागते; तिथं गाठ पक्की बांधता येते का, हे कोणी विचारत नाही (विचारायला पाहिजे खरं तर). दहावीत वाढीव गुणांची सोय आहे, तेवढंच. राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत गेला तर रेल्वेच्या स्काऊट-गाईड कोट्यातून भरतीचा रस्ता आहे, बाकी अटी पाळून. पण ती नोकरी झाली.

"मंग काऊन गेला थो तंबू ठोकाले?"

पोरगं हळूच म्हणालं, "मले खिचडी रांधता येते आता."

बाप हसला. "चाला, पुण्यात मेसचे पैसे वाचतीन."